डिशवॉशरला वास येतोय? व्हिनेगरची बाटली जरा बाजूला ठेवा

डिशवॉशरचं दार उघडताच नाक मुरडावं लागलं, की बहुतेकांचा हात पहिल्यांदा व्हिनेगरकडे जातो. वरच्या रॅकमध्ये वाटीभर व्हिनेगर ठेवायचं, एक गरम फेरी चालवायची आणि प्रश्न मिटला असं समजायचं. दोन-चार दिवस बरे जातात, मग वास परत येतो. तो येणारच, कारण तळाच्या जाळीत अडकलेलं खरकटं जागेवरच असतं. त्याच्यावरून फक्त आंबट पाणी फिरून गेलेलं असतं.

म्हणून या लेखातला क्रम उलटा आहे. आधी नाकाने वासाचा उगम शोधायचा, मग हाताने घाण काढायची, मग निचरा तपासायचा आणि आम्ल, डिटर्जंट वगैरे सगळ्यात शेवटी. निम्म्याहून जास्त वेळा तिसऱ्या पायरीपर्यंत जायचीही गरज पडत नाही, असं माझं मत आहे.

वास कसला आहे, आणि कधी येतो?

सगळे वास एका जागेतून येत नाहीत. अन्न कुजल्यासारखा वास असेल तर जाळी आणि तिच्याखालचा खड्डा बघा. जुन्या तेलासारखा खवट वास म्हणजे आतल्या भिंती, नळ्या आणि रबरावर चरबीचा थर बसलाय. हे बहुतेक वेळा सतत कमी तापमानावर भांडी धुतल्याने होतं. कुबट, ओल्या फडक्यासारखा वास रबराच्या पट्टीतल्या बुरशीचा असतो, किंवा दार कायम घट्ट बंद ठेवल्याचा. धुतलेल्या पेल्यांनाच हिवस वास येत असेल, तर अंडी किंवा मासे यांतल्या प्रथिनांचा अंश पाण्यात फिरत राहिलाय आणि डिटर्जंट त्याला पुरं पडलेलं नाही. गटाराचा वास मात्र मशीनचा नसतोच. तो सिंकखालच्या पाइपातून आत येतो.

सडक्या अंड्याच्या वासाचे दोन उगम असू शकतात. साचलेल्या पाण्यात, हवा न पोहोचणाऱ्या गाळात वाढणारे जिवाणू हायड्रोजन सल्फाइड वायू सोडतात, हा एक. दुसरा उगम म्हणजे घरातलं गरम पाणीच. मशीन थेट गरम पाण्याच्या लाइनला जोडलेलं असेल, तर नळाचं गरम पाणी पेल्यात घ्या, सिंकपासून दूर जा आणि मग हुंगा. गार पाण्याला वास नाही आणि गरम पाण्याला आहे, तर दोष पाणी तापवण्याच्या टाकीत आहे. टाकी गंजू नये म्हणून आत बसवलेली मॅग्नेशियमची कांडी आणि पाण्यातले सल्फेटवर जगणारे जिवाणू यांच्या जोडीने हा वास तयार होतो. अशा वेळी डिशवॉशर कितीही घासलं तरी उपयोग नाही. मशीन गार पाणी घेऊन स्वतः तापवत असेल, तर ही शक्यता सोडून द्या.

जळक्या प्लास्टिकचा वास आला तर मशीन थांबवा. तळाशी उघडी हीटर कॉइल असलेल्या मशीनमध्ये बहुधा एखादं झाकण किंवा चमचा तिच्यावर पडलेला असतो. कॉइल पूर्ण गार झाल्यावर तो काढता येतो. पण आत काहीच पडलेलं नसेल, किंवा वास प्लगच्या, दाराच्या बटणांच्या बाजूने येत असेल, तर तारा तापत असू शकतात. मेन स्विच बंद करून थेट मेकॅनिकला बोलवा. नव्या मशीनला पहिले काही आठवडे येणारा डांबरासारखा वास वेगळा. आवाज कमी व्हावा म्हणून टाकीला बाहेरून चिकटवलेले बिटुमेनचे थर तापले की तो येतो आणि हळूहळू आपोआप जातो.

वास केव्हा येतो, यावरूनही बरंच कळतं. फेरी संपल्या-संपल्या सगळं ठीक, पण सकाळी दार उघडलं की भपकारा, याचा अर्थ आत काहीतरी साचून सडतंय. फेरी सुरू होताच पहिल्या पाच मिनिटांत वास येत असेल, तर तळातलं जुनं पाणी ढवळलं जातंय. आणि मशीन बंद असताना सिंक वापरल्यावर वास येत असेल, तर सिंकचं पाणी उलटं मशीनमध्ये शिरतंय. याची खात्री करायला रिकाम्या मशीनची एक फेरी पूर्ण होऊ द्या. तळाचं पाणी कुठवर आहे ते बघून ठेवा. मग सिंक भरा, बूच काढून सगळं पाणी एकदम सोडा आणि पुन्हा मशीनच्या तळाशी बघा. पातळी वाढली असेल किंवा स्वच्छ पाणी गढूळ झालं असेल, तर निचऱ्याचा भाग आधी वाचा.

जाळी आणि तिच्याखालचा खड्डा

हे काम नीट केलंत तर बाकीचं अर्धं झालं. आधी प्लग काढा किंवा मेन स्विच बंद करा. खालचा रॅक पूर्ण बाहेर काढा. तळाच्या मध्यभागी, किंवा थोडी मागे, गोल नळकांड्यासारखी जाळी दिसेल. ती घड्याळाच्या उलट दिशेने फिरवली की सुटते आणि सरळ वर उचलता येते. तिच्याखाली बहुधा एक पसरट बारीक जाळीही असते. ती वेगळी निघते. काही मशीनमध्ये आधी खालचा स्प्रे आर्म, म्हणजे फिरत फिरत पाणी फवारणारा छिद्रांचा दांडा, उपसावा लागतो. काही जुन्या मॉडेलमध्ये खरकटं बारीक दळून बाहेर फेकण्याची सोय असते आणि हाताने निघणारी जाळी नसतेच. तिथे तळाची झडप आणि तिच्या कडा पुसून घ्या, एवढंच काम.

काढलेले भाग गरम पाण्यात भांड्यांचा साधा साबण घालून पंधरा मिनिटं बुडवून ठेवा. मग जुन्या मऊ टूथब्रशने घासा. तारेची घासणी नको. बारीक जाळी एकदा फाटली की ती दुरुस्त होत नाही, बदलावीच लागते. घासून झाल्यावर नळाखाली बाहेरून आत पाणी सोडा, म्हणजे छिद्रांत रुतलेले कण आले त्या वाटेने परत निघतात. नंतर जाळी उजेडासमोर धरा. डोळ्यांना स्वच्छ दिसणाऱ्या जाळीवरसुद्धा पुष्कळदा ओशट पापुद्रा असतो आणि निम्मी छिद्रं बुजलेली असतात. उजेडाशिवाय हे कळत नाही. पापुद्रा पांढरा आणि खरखरीत असेल तर तो क्षार आहे, साबणाने जाणार नाही. सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात अर्धा तास ठेवा.

आता खड्डा. इथे हात घालण्याआधी जाड रबरी मोजे घाला. फुटलेल्या पेल्याची काच सगळ्यात शेवटी इथेच येऊन पडते. तळाशी थोडं पाणी असणं हा दोष नाही. पंपाजवळची रबरं सुकून तडकू नयेत म्हणून ते राहू दिलेलं असतं. पण ते स्वच्छ असायला हवं. गढूळ, तवंग आलेलं किंवा जाळीच्या वरपर्यंत चढलेलं पाणी असेल, तर स्पंजने किंवा मोठ्या सिरिंजने ते उपसा. मग कापडाने खड्ड्याच्या भिंती पुसा. त्या बुळबुळीत लागल्या, तर जिवाणूंचा थर बसलाय असं समजा. साबणाच्या कापडाने तो पूर्ण निघेपर्यंत पुसत राहा. वास येतो तो मुख्यतः याच थराचा.

बऱ्याच मशीनमध्ये खड्ड्याच्या एका बाजूला पंपाचं छोटं झाकण असतं. माहितीपुस्तिकेत परवानगी असेल तर ते काढा. आत एक लहान पंखा दिसेल. लाकडी काडीने तो फिरवून बघा. तो अडखळत, झटके देत फिरला तर घाबरू नका, आतल्या चुंबकामुळे तो तसाच फिरतो. बिया, बरण्यांवरची सुटलेली लेबलं, दोरा, टूथपिकचे तुकडे हे सगळं इथे सापडतं. लेबल म्हणजे तर डोकेदुखीच. गरम पाण्यात कागदाचा लगदा होतो आणि तो सगळीकडे चिकटतो. बरणी मशीनमध्ये टाकण्याआधी लेबल सोलून काढा.

जाळी परत बसवताना ती घट्ट फिरून अडकली आहे ना, ते हाताने हलवून बघा. सैल जाळीच्या फटीतून खरकटं पुढे जातं आणि तेच पाणी पुन्हा भांड्यांवर उडतं. जाळी न बसवता मशीन कधीही चालवू नका, पंपाचा जीव जाईल. रोज फेरी होत असेल तर आठवड्यातून एकदा जाळी काढून बघावी. कधीतरीच चालणाऱ्या मशीनला महिन्यातून एकदा पुरे.

जिथे पाणी पोहोचतच नाही

डिशवॉशर स्वतःला आपोआप धुतं, हा एक गोड गैरसमज आहे. दाराची खालची कड आणि तिच्यासमोरचा टाकीचा ओठ यांच्यावर फवारा पडत नाही. रॅक बाहेर ओढताना भांड्यातलं पाणी मात्र नेमकं तिथेच ठिबकतं. दार पूर्ण उघडा, खाली वाका आणि बॅटरी मारून बघा. काळपट, चिकट पट्टा दिसला तर वासाचं एक मोठं ठाणं सापडलं. साबणाच्या गरम पाण्यात पिळलेलं कापड आणि टूथब्रश पुरतो. बिजागरीजवळचे दोन्ही कोपरे विसरू नका.

रबराची पट्टी बोटाने हलकेच बाजूला करत तिच्या घडीत कापड फिरवा. बुरशीचे काळे ठिपके असतील तर बेकिंग सोडा थोड्या पाण्यात कालवून लावा, दहा मिनिटांनी घासा, पुसून कोरडं करा. डाग राहिला तरी चालेल, बुळबुळ राहता कामा नये. पट्टी फाटली किंवा ताठ झाली असेल तर बदला.

मग स्प्रे आर्म. खालचा बहुधा सरळ वर ओढला की निघतो, वरचा एखादा स्क्रू किंवा चकती फिरवून सुटतो. कानाजवळ धरून हलवा. आत काही खुळखुळलं तर ते बी किंवा कण असतात. छिद्रं टूथपिकने मोकळी करा आणि मधल्या तोंडातून जोरात पाणी सोडा. बंद छिद्रांमुळे वास थेट येत नाही. पण त्या बाजूची भांडी आणि भिंत नीट धुतली जात नाहीत आणि खरकटं तिथे वाळत राहतं. चमच्यांच्या डब्याचा तळ आणि डिटर्जंटच्या कप्प्यात घट्ट झालेली पावडर हेही याच वेळी काढून टाका.

निचरा

डिशवॉशरमधून घाण पाणी बाहेर नेणारी नळी सिंकखालच्या पाइपाला जोडलेली असते. ती जमिनीवरून सरळ तिकडे गेली असेल, तर सिंकचं पाणी उताराने परत मशीनमध्ये येऊ शकतं. म्हणून नळी आधी ओट्याच्या खालच्या बाजूला, जमेल तितकी उंच नेऊन पट्टीने बांधायची आणि मग जोडापर्यंत खाली आणायची. सिंकखालचं कपाट उघडून एवढंच बघा. पट्टी तुटून नळी खाली लोंबत असेल, तर तुमचा गटाराचा वास बहुधा तिथूनच येतोय. नळी कुठे दबलेली किंवा मुरडलेली नाही ना, तेही पाहा.

सिंकखाली खरकटं दळणारं यंत्र असेल आणि ते नुकतंच बसवलं असेल, तर आणखी एक शक्यता. डिशवॉशरची नळी जिथे जोडतात, तिथे कारखान्यातून एक प्लास्टिकचं बूच लावलेलं येतं. ते पाडायचं राहिलं तर मशीनचं पाणी बाहेर जायला वाटच उरत नाही. यंत्र जुनं असेल तर बूच नव्हे, पण आतला गाळ अडसर ठरतो. डिशवॉशर लावण्याआधी ते यंत्र चालवून रिकामं करत जा.

नळीच्या आतला चरबीचा थर बाहेरून दिसत नाही. नळी काढता येत असेल तर खाली बादली ठेवून काढा आणि बाहेर नेऊन गरम साबणाच्या पाण्याने धुवा. फार काळी आणि चिकट झालेली नळी धुण्यापेक्षा बदललेली बरी. सिंकखालचा वळणाचा पाइप तुंबलेला असेल तर तोही याच वेळी उघडा. त्या वळणात साचलेलं पाणीच गटाराच्या वायूला अडवतं. घर बरेच दिवस बंद राहिलं की ते सुकतं आणि वास सरळ वर येतो. अशा वेळी उपाय एकच, सिंकमध्ये तांब्याभर पाणी ओता.

आता आम्ल आणि डिटर्जंट

व्हिनेगरची वाटी अनेकदा का फसते, त्याचं कारण साधं आहे. बहुतेक प्रोग्रॅममध्ये मुख्य धुण्याआधी एक छोटी पूर्वधुलाई असते. वाटीतलं व्हिनेगर त्या पहिल्याच पाण्यात मिसळतं आणि काही मिनिटांत त्या पाण्याबरोबर गटारात जातं. मुख्य धुण्याच्या वेळी वाटीत फक्त पाणी असतं. बाजारात मेणाचं बूच असलेली क्लीनरची बाटली मिळते, ती उलटी अडकवायची असते. पाणी तापल्यावरच मेण वितळतं आणि द्रव नेमका मुख्य धुण्याच्या वेळी बाहेर येतो.

घरच्या घरी करायचं तर असं करा. मशीन रिकामं ठेवा. पहिल्या फेरीला सगळ्यात गरम प्रोग्रॅम लावा, म्हणजे ६५ ते ७० अंश सेल्सिअसचा, आणि डिटर्जंटची पावडर किंवा टॅब्लेट घाला. जेल नको. पावडर आणि टॅब्लेटमध्ये ऑक्सिजन सोडणारं ब्लीच असतं, जेलमध्ये ते सहसा नसतं आणि वासावर खरं काम तेच करतं. या फेरीत चरबी निघते.

दुसऱ्या फेरीत सायट्रिक ॲसिड. चरबीनंतर आम्ल, हाच क्रम ठेवा. क्षारांवर चरबी बसलेली असेल तर आम्ल त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही. आणि खरखरीत क्षारांचा थर राहिला तर त्यावर नवी चरबी पटकन चिकटते. डिटर्जंटचा कप्पा पुसून कोरडा करा, त्यात मावेल तेवढी सायट्रिक ॲसिडची पावडर, साधारण तीन मोठे चमचे, घाला आणि झाकण लावा. या फेरीत डिटर्जंट अजिबात नको, ती दोन्ही एकमेकांना निष्प्रभ करतात. तापमान ४५ ते ५० अंशांचं निवडा. क्षारयुक्त पाण्यात सायट्रिक ॲसिड फार तापलं तर कॅल्शियम सायट्रेटचा पांढरा साका बसू शकतो. शेवटी एकदा साध्या पाण्याची छोटी फेरी.

व्हिनेगरनेही हे काम होतं, पण ते वारंवार वापरलं तर रबर खराब होतं आणि काही कंपन्या माहितीपुस्तिकेत त्याला सरळ मनाई करतात. बेकिंग सोडा आंबूस, खवट वासांवर बरा. रात्री तळावर मूठभर भुरभुरवून सकाळी फेरी चालवायची. गटाराच्या वासावर त्याचा काही उपयोग नाही. सोडा आणि व्हिनेगर एकत्र टाकून फेस बघण्यात मजा आहे, पण दोघंही एकमेकांना संपवतात आणि हातात जवळजवळ साधं पाणी उरतं.

क्लोरीन असलेलं ब्लीच डिशवॉशरमध्ये टाकू नका. स्टीलच्या टाकीवर त्याने खड्डे पडतात. आणि व्हिनेगर किंवा सायट्रिक ॲसिडशी ते मिसळलं तर विषारी क्लोरीन वायू तयार होतो. बंद स्वयंपाकघरात हा धोका घेऊ नका. रॅकला अडकवायचे सुगंधी तुकडे मला व्यक्तिशः पटत नाहीत. त्यांनी वास जात नाही आणि तो पुन्हा सुरू झाल्याचं आपल्याला उशिरा कळतं.

पुन्हा येऊ नये म्हणून

ताटं नळाखाली धुऊन ठेवायची गरज नाही, पण खरकटं निपटून काढायलाच हवं. मशीन भरायला दोन-तीन दिवस लागत असतील, तर तोवर नुसत्या पाण्याने विसळणारा छोटा प्रोग्रॅम लावा. तो बहुतेक मशीनमध्ये असतो आणि कुणी वापरत नाही. इको प्रोग्रॅम वीज आणि पाणी वाचवतो, त्याला माझा विरोध नाही. पण वर्षभर फक्त तोच चालला तर चरबी आत साचत जाते. दोन-तीन आठवड्यांतून एकदा तरी गरम प्रोग्रॅम होऊ द्या.

भांडी बाहेर काढल्यावर दार चार बोटं उघडं ठेवा, म्हणजे वाफ निघून जाईल. घरात लहान मूल असेल तर कप्प्यात टॅब्लेट आधीपासून भरून ठेवू नका, आणि सुऱ्या टोक खाली करून ठेवा. बाहेरगावी जाण्याआधी जाळी धुवा, एक फेरी चालवा, भांडी काढून घ्या आणि दार उघडंच ठेवून जा.

एवढं करूनही वास राहिला तर

फेरी संपल्यावर प्रत्येक वेळी जाळी बुडेल एवढं पाणी उरत असेल, तर पंप किंवा पाणी उलटं येऊ न देणारा वॉल्व्ह बिघडलाय. तो मेकॅनिकचा विषय. त्याला फोन करताना वास कसला आहे, फेरीत कधी येतो आणि सिंक सोडल्यावर आतली पातळी वाढते का, हे तीन मुद्दे सांगा. त्याचा तास वाचेल.

आणि आत सगळं स्वच्छ असूनही वास येत असेल, तर बाहेर बघा. पुढची खालची पट्टी काढून मशीनच्या तळाखाली बॅटरी मारा. ओली लादी, फुगलेलं लाकूड, भिजलेलं इन्सुलेशन दिसलं तर कुठेतरी बारीक गळती आहे आणि कुबट वास त्या ओलीचा आहे. कधीकधी मागे मेलेला उंदीर निघतो. उंदरांना नळ्या कुरतडायची सवय असते, त्यामुळे तो उचलून टाकल्यावर निचऱ्याची नळी पूर्ण लांबीभर हाताने चाचपून बघा आणि मगच पुढची फेरी लावा.